मुलांच्या जॅकेटवर ड्युटी किती? आधी कोड ठरवा

"किड्स विंटर जॅकेट, १००० नग." एवढंच वर्णन असलेलं इन्व्हॉइस घेऊन न्हावा शेवाला माल उतरवायचा, म्हणजे ड्युटीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवायचा. भारताच्या कस्टम्स टॅरिफमध्ये 'किड्स जॅकेट' नावाची ओळच नाही. तिथे आहेत ते प्रश्न. कापड निटेड आहे की वोवन? ते घालणाऱ्या मुलाची उंची किती? कापडावर प्लास्टिकचा थर दिसतो का? कोणता धागा वजनाने जास्त आहे? पुढची पट्टी कोणत्या बाजूवरून कोणत्या बाजूला येते? या सगळ्यांची उत्तरं कारखान्यात पहिल्या दिवसापासून हजर असतात. ऑर्डर देतानाच ती मागून घेतली नाहीत, तर तीच उत्तरं पुढे बंदरात नमुना कापून शोधावी लागतात आणि तोवर कंटेनरचं भाडं चढत राहतं.

मुलांच्या कपड्यांचं दुकान किंवा छोटा ऑनलाइन ब्रँड चालवणारे आणि आता स्वतः थेट आयात करू पाहणारे जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मोठ्या कंपन्यांकडे या कामासाठी माणसं असतात. छोट्या आयातदाराकडे फक्त कस्टम्स ब्रोकर असतो, ज्याला बाजारात सगळे अजून सीएचए (कस्टम्स हाउस एजंट) म्हणतात, आणि तोही इन्व्हॉइसवर जे लिहिलंय त्यावरूनच काम करतो.

कोड कुठून येतो

जगभरातल्या मालाची एक सामाईक वर्गवारी आहे, हार्मोनाइज्ड सिस्टीम, थोडक्यात एचएस. ब्रुसेल्सची जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. १ जानेवारी १९८८ पासून ती लागू आहे आणि काही वर्षांनी तिची सुधारित आवृत्ती येते. सध्या चालू आहे ती २०२२ ची. कोडचे पहिले सहा आकडे सगळ्या सदस्य देशांत सारखे असतात, पुढचे आकडे ज्याचे त्याचे. भारतात एकूण आठ आकडे आहेत आणि ते कस्टम्स टॅरिफ ॲक्ट, १९७५ च्या पहिल्या परिशिष्टात दिलेले आहेत.

६२०१ ४० हा कोड पाहा. ६२ हे प्रकरण, म्हणजे निटेड नसलेले कपडे. ६२०१ हे शीर्षक, म्हणजे पुरुषांचे किंवा मुलग्यांचे ओव्हरकोट, ॲनोरॅक, विंडचीटर आणि तत्सम वस्तू. ४० हे उपशीर्षक, म्हणजे मानवनिर्मित धाग्याचे. पुढचे दोन आकडे भारताचे.

माल कोणत्या शीर्षकात बसवायचा यासाठी सहा सर्वसाधारण नियम आहेत. त्यातला पहिलाच सगळ्यात मोलाचा: वर्गीकरण ठरतं ते शीर्षकातल्या मजकुरावरून आणि त्या विभागाच्या व प्रकरणाच्या सुरुवातीला दिलेल्या टिपांवरून. बाजारातलं नाव, ब्रँडचा टॅग, वेबसाइटवरची कॅटेगरी हे सगळं त्यानंतर. या टिपा कायद्याचाच भाग आहेत. बहुतेक लोक थेट दरांच्या तक्त्यावर उडी मारतात आणि टिपांची पानं उलटून पुढे जातात. कपड्यांच्या बाबतीत बहुतेक घोटाळे तिथेच सुरू होतात. त्याशिवाय जागतिक संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपा आहेत. त्या आपल्याकडे कायदा नाहीत, पण १९९५ च्या वुड क्राफ्ट प्रॉडक्ट्स खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वजन दिलेलं आहे.

निटेड की वोवन

पहिली फाटाफूट इथे होते. होजिअरीचं, म्हणजे निटेड कापड असेल तर प्रकरण ६१. मागावरचं वोवन कापड असेल तर प्रकरण ६२. फ्लीसचं मऊ जॅकेट बहुधा निटेड असतं. पॉलिएस्टर टाफेटाचं पफर जॅकेट वोवन. दुकानात दोन्ही एकाच हँगरवर लटकत असतील, कस्टम्सच्या लेखी त्यांची प्रकरणंच वेगळी.

इथे पाहायचं ते बाहेरचं कापड. आतलं अस्तर निटेड असलं आणि मध्ये पॉलिएस्टरचा कापूस किंवा पिसं भरलेली असली, तरी बाहेरचं कवच वोवन असेल तर सहसा प्रकरण ६२ च. अपवाद एकच, पण महागात पडणारा: अस्तर खऱ्या फरचं असेल, किंवा बाहेरून फर लावलेली असेल आणि ती नुसती किनार नसेल, तर कपडा थेट प्रकरण ४३ मध्ये जातो. टोपीच्या कडेला लावलेली फरची पट्टी ही किनारच. तिने काही बिघडत नाही.

हल्ली मुलांच्या जॅकेटमध्ये छाती-पाठीला पॅडिंगचं वोवन कापड आणि बाह्या निटेड अशी जोडणी फार दिसते. तिथे तिसरा नियम वापरावा लागतो: कपड्याला त्याचं मूळ स्वरूप कोणत्या भागामुळे मिळतं ते बघा. पॅडिंगच्या भागाने ऊब मिळते आणि जागाही त्यानेच जास्त व्यापली असेल, तर उत्तर ६२ कडे झुकतं. अशा मालाचे फोटो आणि प्रत्येक कापडाचं क्षेत्रफळ पुरवठादाराकडून लेखी घेऊन ठेवा.

८६ सेंटीमीटर

मुलांच्या कपड्यांपुरता सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा. प्रकरण ६१ आणि ६२ या दोन्हींच्या टिपांत 'बेबीज गारमेंट्स' म्हणजे काय ते सांगितलंय: ज्यांची उंची ८६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही अशा लहान मुलांचे कपडे. वय नाही, महिने नाहीत, उंची. निटेड असेल तर ६१११, वोवन असेल तर ६२०९. या दोन शीर्षकांना त्या-त्या प्रकरणात अग्रक्रम आहे. एखादा कपडा ६१११ मध्येही बसतो आणि त्याच प्रकरणात दुसरीकडेही, असं झालं तर तो ६१११ मध्येच जाईल. ६२०९ चंही तसंच. या दोन्हींत मुलगा-मुलगी असा भेदही नाही.

आता ८६ च्या वर गेलात की काय होतं? मुलांसाठी वेगळं घरच उरत नाही. तीन वर्षांच्या मुलाचं जॅकेट आणि त्याच्या बाबांचा ओव्हरकोट एकाच शीर्षकात येतात. ६१०१ आणि ६२०१ या शीर्षकांचा मजकूरच 'पुरुषांचे किंवा मुलग्यांचे' असा आहे. ६१०२ आणि ६२०२ चा 'स्त्रियांचे किंवा मुलींचे'.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. युरोपीय मापं सरळ उंचीवर चालतात: ८०, ८६, ९२, ९८. तुम्ही एकाच डिझाइनचं, एकाच कापडाचं, एकाच रंगाचं जॅकेट या चार मापांत मागवलंत, तर ८० आणि ८६ मापाचे नग ६२०९ मध्ये जातील, ९२ आणि ९८ चे ६२०१ किंवा ६२०२ मध्ये. एकच माल, दोन कोड. म्हणून इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट दोन्हींवर मापवार नग वेगळे दाखवले पाहिजेत. '१८ ते २४ महिने' असं नुसतं महिन्यांत लिहिलेलं लेबल असेल, तर त्या मापासाठी कारखान्याने किती सेंटीमीटर उंची धरली आहे त्याचा तक्ता सोबत जोडा. पुरवठादाराला हा तक्ता द्यायला दोन मिनिटं लागतात, आणि त्याच्या अभावी पूर्ण कन्साइनमेंट एकाच कोडखाली ढकलली जाऊ शकते.

मुलगा की मुलगी

याचंही उत्तर टिपांत आहे. समोरून बंद होणाऱ्या कपड्यात डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुष किंवा मुलग्यांचा, उजवी डावीवर येत असेल तर स्त्रिया किंवा मुलींचा. कपड्याची कापणीच स्पष्टपणे दुसरं काही सांगत असेल, तर हा नियम बाजूला राहतो.

पण मुलांची बहुतेक जॅकेटं चेनची असतात. चेनवर झाकणारी पट्टी असेल तर तिची दिशा बघता येते. नुसती चेन असेल तर काहीच कळत नाही. मग? टीप सांगते: ओळखता येत नसेल, तर स्त्रिया-मुलींच्या शीर्षकात टाका. म्हणजे राखाडी रंगाचं, साधं, दोघांनाही चालणारं युनिसेक्स जॅकेट ६१०२ किंवा ६२०२ मध्ये. कित्येक इन्व्हॉइसांवर ते सवयीने 'बॉइज' म्हणून लिहिलेलं असतं. पुरवठादाराला सांगून ते दुरुस्त करून घ्या.

थर, रेनकोट आणि पाऊस

महाराष्ट्रात मुलांच्या अंगावर बाहेरून घालायचा खरा कपडा म्हणजे रेनकोट. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी सगळा बाजार त्याचाच असतो. आणि वर्गीकरणात सगळ्यात फसवा तोच.

नुसत्या पीव्हीसीच्या पारदर्शक शीटचा रेनकोट, ज्यात कापड अजिबात नाही, तो कपड्यांच्या प्रकरणांत येतच नाही. तो प्लास्टिकच्या वस्तूंत, ३९२६ २० मध्ये जातो. तो तान्ह्या बाळाचा असला तरी तिथेच, कारण बाळांच्या कपड्यांचा अग्रक्रम फक्त ६१ आणि ६२ या प्रकरणांच्या आत चालतो.

पॉलिएस्टरच्या कापडावर प्लास्टिकचा थर दिलेला असेल, तर प्रश्न येतो की ते कापड ५९०३ चं, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेल्या कापडाच्या शीर्षकातलं आहे का. असेल तर त्यापासून शिवलेला वोवन कपडा ६२१० मध्ये आणि निटेड कपडा ६११३ मध्ये. कसोटी सोपी आहे, फक्त ती कोणी वाचत नाही: थर नुसत्या डोळ्यांना दिसला पाहिजे. थरामुळे रंग बदलला असेल, तर तो बदल धरायचा नाही. कापड उलटं करून उजेडात धरलं आणि चकचकीत पापुद्रा दिसला, तर ५९०३. कॅटलॉगमध्ये 'वॉटरप्रूफ' लिहिलंय पण डोळ्यांना थर दिसत नाही, तर ते साधं कापडच आणि जॅकेट ६२०१ किंवा ६२०२ मध्येच. मात्र मूल ८६ सेंटीमीटरच्या आतलं असेल तर दिसणाऱ्या थराचा कापडी रेनकोटही ६२०९ मध्येच जाईल. ६२१० वर ६२०९ ची सरशी होते, असं टिपेत स्पष्ट लिहिलंय.

पहिल्या सहा आकड्यांनंतर देश काय करू शकतात, त्याचं अमेरिकेच्या टॅरिफमधलं उदाहरण फार बोलकं आहे. तिथे मानवनिर्मित धाग्याच्या वोवन जॅकेटला सर्वसाधारण दर २७.७ टक्के आहे, आणि तेच जॅकेट 'वॉटर रेझिस्टंट' ठरलं तर ७.१ टक्के. ठरवायचं कसं, तेही लिहून ठेवलंय: ६०० मिलिमीटर पाण्याच्या दाबाखाली दोन मिनिटांत एक ग्रॅमपेक्षा जास्त पाणी झिरपता कामा नये, आणि ही क्षमता बाहेरच्या कापडाला किंवा अस्तराला दिलेल्या रबर वा प्लास्टिकच्या थरामुळे आलेली असली पाहिजे. वीस टक्क्यांहून जास्त फरक एका पातळ थरावर अवलंबून. तिकडे माल पाठवणाऱ्या आपल्या निर्यातदारांनी प्रयोगशाळेचा अहवाल कंटेनरसोबत द्यावा, तो अमेरिकेतल्या ग्राहकाला थेट पैशांत दिसतो. २०२५ पासून तिथे जे जादा शुल्कांचं सत्र सुरू झालं ते या मूळ दरांपेक्षा वेगळं प्रकरण आहे. ते वेगळंच मोजावं लागतं.

धागा वजनाने ठरतो

लेबलवर '४० टक्के कॉटन, ३० टक्के पॉलिएस्टर, ३० टक्के व्हिस्कोज' असं असेल तर बहुतेक जण म्हणतील, कॉटन सगळ्यात जास्त, म्हणजे कॉटनचं जॅकेट. चूक. कापडांच्या विभागाची टीप सांगते की आधी प्रकरण ठरवा, मग त्यातलं शीर्षक. पॉलिएस्टर आणि व्हिस्कोज हे दोन्ही मानवनिर्मित धागे, आणि त्यांची प्रकरणं ५४ आणि ५५ इतर धाग्यांशी तुलना करताना एकच धरली जातात. म्हणजे ६० विरुद्ध ४०. कपडा मानवनिर्मित धाग्याचा.

मोजायचं वजन, आणि तेही वर्गीकरण ज्या कापडावरून होतं त्याचं. आतल्या भरणीचं वजन यात मिसळू नका. पिसं भरलेल्या जॅकेटचं लेबल '८० टक्के डाउन' म्हणतं ते भरणीबद्दल. बाहेरचं कवच नायलॉनचं असेल तर कस्टम्ससाठी ते नायलॉनचंच जॅकेट.

ते मुळात जॅकेट आहे का

हुडी हा कायमचा वादाचा विषय. ६१०१, ६२०१ आणि त्यांच्या जोडीच्या शीर्षकांचं वर्णन स्पष्टीकरणात्मक टिपांत असं आहे: इतर सगळ्या कपड्यांवरून, हवामानापासून बचाव म्हणून घालायचे कपडे. पार्का, डफल कोट, ट्रेंच कोट, पॅडिंग केलेलं बिनबाह्यांचं जॅकेट, हे सगळे त्यात येतात. पातळ निटेड कापडाची, वाऱ्या-पावसाला न अडवणारी हुडी मात्र ६११० मध्ये, म्हणजे जर्सी-पुलोव्हर-कार्डिगनच्या घरात. दोन्हींत समोर चेन आणि डोक्याला टोपी आहे म्हणून दोन्ही जॅकेट होत नाहीत.

आणखी एक सापळा म्हणजे सेट. जॅकेट आणि पँट एकाच पिशवीत घालून 'विंटर सेट' म्हणून विकले, तरी वेगवेगळ्या शीर्षकांतले कापडी कपडे आपापल्या शीर्षकातच जातात, अशी विभागाचीच टीप आहे. अपवाद टॅरिफने नाव घेऊन सांगितलेल्या जोड्यांचा, जसे सूट किंवा स्की सूट.

आता पैसे

भारतात तयार कपड्यांवर मूळ सीमाशुल्क २०१८ पर्यंत बहुतांशी १० टक्के होतं. जुलै आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने दोन टप्प्यांत शेकडो कापडी वस्तूंवर ते २० टक्के केलं. लुधियाना, तिरुपूरसारख्या केंद्रांना संरक्षण हे त्यामागचं कारण. मूळ शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार त्यावर लागतो, आणि मालाच्या मूल्यासह या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. कपड्यांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलला: नगाची विक्रीकिंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८ टक्के. त्याआधी ही सीमा १००० रुपये होती आणि वरचा दर १२ टक्के.

विमा आणि भाड्यासह ८०० रुपये मूल्य असलेलं एक जॅकेट घ्या. मूळ शुल्क २० टक्क्यांनी १६० रुपये. अधिभार १६ रुपये. बेरीज ९७६. त्यावर ५ टक्के आयजीएसटी ४८ रुपये ८० पैसे. एकूण भरणा २२४ रुपये ८० पैसे, म्हणजे मूल्याच्या २८.१ टक्के. यातला आयजीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याला इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतो. मूळ शुल्क आणि अधिभार मिळत नाहीत; ते तुमच्या किमतीत कायमचे बसतात. कॉस्टिंग करताना हे दोन वेगळे रकाने ठेवा.

पण २० टक्के हा सगळ्याच ओळींचा पूर्ण दर नाही. कपड्यांच्या कित्येक ओळींवर दर असा लिहिलेला असतो: '२० टक्के किंवा प्रति नग अमुक रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते'. स्वस्त किंमत दाखवून आणलेल्या मालाला आवर घालण्यासाठी ही सोय आहे. मुलांच्या कपड्यांवर तिचा भार कसा पडतो ते पाहा. समजण्यापुरतं धरू की एका ओळीवर नगामागे किमान ३०० रुपये आहेत. मोठ्या माणसाचं २००० रुपयांचं जॅकेट: २० टक्के म्हणजे ४००, तो ३०० पेक्षा जास्त, म्हणून ४०० लागतील, अधिभार आणि आयजीएसटी धरून एकूण भरणा ५६२ रुपये, म्हणजे तेच २८.१ टक्के. मुलाचं ५०० रुपयांचं जॅकेट: २० टक्के म्हणजे फक्त १००, म्हणून ३०० लागतील. अधिभार ३०, आयजीएसटी ४१ रुपये ५० पैसे. एकूण ३७१ रुपये ५० पैसे, मूल्याच्या ७४.३ टक्के.

कापड निम्मं, किंमत पावपट, आणि नगावरचा किमान दर मात्र तोच, कारण ८६ सेंटीमीटरच्या वर मुलाचा कपडा मोठ्यांच्याच ओळीत बसलेला आहे. मला हे अन्यायाचं वाटतं. अंडर-इन्व्हॉइसिंग रोखायचं असेल तर नगाऐवजी किलोवर किमान दर लावता आला असता. २०२५ च्या अर्थसंकल्पात निटेड कापडाच्या काही ओळींवर '२० टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये' असा दर आणलाच होता. लहान कपड्याला मग लहान ओझं पडलं असतं. तसं होईपर्यंत मात्र तुमच्या आठ आकडी ओळीसमोर नगाचा दर आहे का आणि किती, हे ऑर्डरच्या आधी तपासा. स्वस्त जॅकेट आणून जास्त नफा होईल हा हिशेब तिथेच उलटू शकतो.

मूल्यात काय-काय धरतात

ड्युटी इन्व्हॉइसच्या आकड्यावर नाही, तर त्यात समुद्राचं किंवा विमानाचं भाडं आणि विमा मिळवून येणाऱ्या मूल्यावर लागते. भाडं माहीत नसेल तर एफओबी किमतीच्या, म्हणजे परदेशी बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या, २० टक्के धरतात, विमा माहीत नसेल तर १.१२५ टक्के. प्रत्यक्ष भाडं यापेक्षा कमी असेल तर त्याची पावती जवळ असणं म्हणजे सरळ पैसे वाचवणं.

मुलांच्या कपड्यांत एक गोष्ट फार वेळा सुटते. जॅकेटवर कार्टूनचं चित्र असतं आणि त्याच्या हक्कधारकाला रॉयल्टी द्यावी लागते. ती रॉयल्टी मालाच्या विक्रीची अट म्हणून दिली जात असेल, तर ती मूल्यात मिळवावी लागते, मग ती तुम्ही कारखान्याला देत नसून तिसऱ्याच कंपनीला देत असलात तरी. २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांत हे स्पष्ट आहे. तुम्ही कारखान्याला मोफत पाठवलेली लेबलं, बटणं, कापड यांची किंमतही त्यातच येते. आणि परवाना न घेता छापलेलं कार्टून असेल, तर प्रश्न ड्युटीचा राहत नाही. हक्कधारकाने कस्टम्सकडे नोंदणी केलेली असेल तर माल अडवला जातो.

बांगलादेशातून आणलं तर

दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारानुसार भारताने २०११ मध्ये बांगलादेशासारख्या अल्पविकसित देशांना तयार कपड्यांसह जवळजवळ सगळ्या मालावर मूळ शुल्क माफ केलं. मूळ शुल्क शून्य झालं की त्याच्या १० टक्के असलेला अधिभारही शून्य. वरचंच ८०० रुपयांचं जॅकेट बांगलादेशातून पात्र ठरून आलं, तर भरायचे फक्त ४० रुपये आयजीएसटीचे. २२४ विरुद्ध ४०.

म्हणूनच पात्रता काटेकोर तपासली जाते. कापड चीनमधून आणून बांगलादेशात शिवलं तर चालतं, पण शीर्षक बदललं पाहिजे आणि बाहेरून आणलेल्या मालाचं मूल्य एफओबीच्या ७० टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे. नुसतं उत्पत्तीचं प्रमाणपत्र पुरत नाही. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या 'कॅरोटार' नियमांनुसार ही माहिती आयातदाराने स्वतः मिळवून पाच वर्षं जपून ठेवायची आहे. अधिकाऱ्याने विचारलं तर 'पुरवठादाराला माहीत' हे उत्तर नाही.

मार्गही बदललाय. १७ मे २०२५ च्या अधिसूचनेनंतर बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरच्या चौक्यांतून येऊ शकत नाहीत. फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या समुद्री बंदरांतून. महाराष्ट्रातल्या आयातदाराला निदान बंदर घराजवळचं मिळालं, पण ट्रकने येणारा माल आता जहाजाचं वेळापत्रक पाळतो. थंडीच्या किंवा पावसाळ्याच्या हंगामासाठी ऑर्डर त्या हिशेबाने आधी द्या.

कागद, रंग आणि नमुने

डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाचा, आयईसी (आयातदार-निर्यातदार) क्रमांक घेतल्याशिवाय व्यापारी आयात होत नाही. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची कस्टम्सकडची घोषणा, जहाज पोचायच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हायला हवं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५००० आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये आकार लागतो.

२०२० पासून मूल्यांकन फेसलेस झालं आहे. माल न्हावा शेवाला उतरला तरी त्याचं बिल तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. त्याच्यासमोर जॅकेट नाही, फक्त तुमचे शब्द आणि कागद आहेत. "किड्स जॅकेट" हे दोन शब्द वाचून तो शंका विचारणार, तुम्ही उत्तर देणार, यात दिवस जातात. "मुलींचं पॅडिंग केलेलं जॅकेट, बाहेरचं कापड १०० टक्के पॉलिएस्टर वोवन, दिसणारा थर नाही, मापं ९२ ते १२८" असं वर्णन इंग्रजीत नीट लिहिलेलं असेल, तर विचारायला फारसं उरत नाही.

कापडात बंदी घातलेले घातक रंग, त्यातले ॲझो रंग मुख्य, नसल्याचं निर्यातदार देशातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र सोबत लागतं. ते नसेल तर इथे नमुने काढून चाचणी होते. हा कागद नुसता उपचार म्हणून घेऊ नका. जॅकेटची कॉलर आणि चेनची दोरी लहान मुलं तोंडात घालतात. चाचणी खरी झाली आहे ना, हे आयातदाराने मनापासून पाहिलं पाहिजे.

शंका असेल तर आधीच विचारा

आयात करण्यापूर्वी वर्गीकरणाबद्दल अधिकृत निर्णय मागता येतो. त्यासाठी कस्टम्सचं आगाऊ निर्णय प्राधिकरण आहे, २०२१ पासून मुंबई आणि दिल्लीत. शुल्क १०,००० रुपये, निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित, आणि तो अर्जदार व कस्टम्स या दोघांवरही बंधनकारक. वर्षभर तेच डिझाइन आणणार असाल तर ही रक्कम फार नाही. कारण चुकीच्या कोडमुळे कमी भरलेली ड्युटी दोन वर्षांपर्यंत व्याजासह मागता येते. मुद्दाम चुकीचं सांगितलं असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत, वर तेवढाच दंड.

परदेशातून मावशीने पाठवलेलं एक जॅकेट

हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. न्यू जर्सीच्या मावशीने भाच्यासाठी कुरिअरने जॅकेट पाठवलं, त्यालाही हे सगळं लागू का? नाही. टपालाने किंवा विमानाने वैयक्तिक वापरासाठी आलेल्या वस्तू ९८०४ या एकाच शीर्षकात येतात. कापड, उंची, बटणं काहीच बघावं लागत नाही, एकच दर. पण तो दर शून्य नाही. छोट्या भेटवस्तूंना पूर्वी असलेली सूट डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून काढून घेतली गेली. पार्सलवर 'गिफ्ट' लिहिल्याने ड्युटी टळत नाही, आणि किंमत कमी लिहिली तर पार्सल अडकतं. कोणी नातेवाईक येणारच असेल, तर जॅकेट त्यांच्या बॅगेतून आणणं सोपं. प्रवाशाच्या सामानाला स्वतंत्र मोफत मर्यादा आहे आणि ती कुरिअरला लागू होत नाही.